आण्णांच्या डायरीतल्या तारखा

वकील वारला की त्याची वकीलपत्रं त्याच्याबरोबर संपतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 3, नियम 4 मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. आण्णा नव्या ज्युनियरला हा नियम पहिल्याच आठवड्यात वाचायला लावायचे. उद्या आपण नसलो तर अशिलाचं काय, हा प्रश्न ते रोज संध्याकाळी डायरी लिहिताना थोडा थोडा सोडवून ठेवत. त्यामुळं ते गेले तेव्हा, बेळगावातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, दहाव्याच्या आधी काय करायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही. डायरी उघडायची होती.

दिवसाला एक पान. डावीकडं मागची तारीख, मग दाव्याचा नंबर, कोर्ट, दोन्हीकडची नावं, टप्पा आणि शेवटी पुढची तारीख. पुढची तारीख मिळाली की तिथंच, कोर्टाच्या बाकावर, लिहायची. संध्याकाळी आठवून लिहिलेली तारीख एखाद्या दिवसानं चुकते आणि त्या दिवशी दावा गैरहजेरीत निघून जातो. मग 30 दिवसांत तो परत फाइलवर घ्यायचा अर्ज, त्याला कारण, कारणाला प्रतिज्ञापत्र, आणि खानापूर तालुक्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला भातलावणी सोडून चार फेऱ्या. तारीख लिहिण्यातल्या आळसाची किंमत अशील मोजतो, हे त्यांना मनापासून लागायचं.

डायरीच्या शेवटच्या पानांवर त्यांनी ‘मुदती’ असं शीर्षक घालून वेगळी यादी ठेवली होती. वकील गेल्यावर सगळ्यात आधी हीच यादी बघावी लागते, कारण तारीख चुकली तर ती कधीकधी सांधता येते, मुदत मात्र वकिलाच्या सुतकासाठी थांबत नाही. यादीत तीन प्रकार होते. पहिला, ‘पुढच्या तारखेपर्यंत’ एवढीच मनाई मिळालेले दावे. त्या तारखेला कुणी उभं राहून मनाई वाढवून मागितली नाही तर ती संपते, आणि समोरचा दुसऱ्या दिवशी बांध फोडतो. दुसरा, ज्यात पक्षकार वारला आहे असे दावे. वारसांची नावं 90 दिवसांत लावली नाहीत तर त्या पक्षकारापुरता दावा आपोआप बाद होतो, आणि तो उठवायला पुढं 60 दिवस असतात. तिसरा, निकाल लागलेले दावे. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. नक्कल मिळायला जितके दिवस लागतात तेवढे त्यातून वजा होतात, पण त्यासाठी नक्कलेचा अर्ज मुदतीच्या आत पडलेला असावा लागतो. म्हणून निकाल ऐकला की आण्णा आधी नक्कलेचा अर्ज द्यायचे, अपील करायचं की नाही हे मग ठरवायचे.

ज्या वकीलपत्रांवर ज्युनियरचंही नाव आणि सही होती, तिथं काम पुढं चाललं. बाकीच्या प्रत्येक अशिलाला एक पत्र गेलं : दाव्याचा नंबर, कोर्ट, टप्पा, पुढची तारीख, ऑफिसात असलेल्या कागदांची यादी, आणि तुम्हाला पटेल तो वकील द्या, कागद घेऊन जा. कुणाची फी राहिली असेल तर तिचा उल्लेख पत्रात नव्हता. फीसाठी अशिलाची फाइल अडवून धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली सांगितलं. आण्णांच्या ऑफिसात ती रीत त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

त्यांना सगळेच आण्णा म्हणत. आपल्याकडं बऱ्याच मराठी घरांत आण्णा म्हणजे वडील. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. बेळगावच्या कोर्टात हा फरक नुसता बोलण्यातला राहत नाही, त्यावर जमिनी जातात.

उदाहरण सांगायचं तर कुळाच्या जमिनींचं. कर्नाटकात 1 मार्च 1974 ला कुळांच्या ताब्यातल्या जमिनी सरकारकडं आल्या, आणि कुळानं नमुना 7 भरून भूमी न्यायाधिकरणाकडं हक्क मागायचा होता. शेवटची मुदत होती 30 जून 1979. एकत्र कुटुंबात हा अर्ज बहुतेक एकाच्या नावानं पडला, म्हातारे वडील असतील तर त्यांच्या, नाहीतर थोरल्या भावाच्या. उताऱ्यावर तेच एक नाव चढलं. पुढं धाकट्यांची मुलं वाटणी मागायला येतात तेव्हा सगळा प्रश्न एवढाच उरतो : कूळ कोण होतं? बाप कूळ होता आणि थोरल्यानं घराच्या वतीनं अर्ज भरला असेल तर जमीन सगळ्यांची. थोरला स्वतःच, वेगळा निघाल्यावर, कूळ झाला असेल तर ती त्याची एकट्याची. आता साक्षीदार पिंजऱ्यात मराठीत म्हणतो, ‘अर्ज आण्णांनी भरला होता.’ जबानी उतरते कन्नडमध्ये. ‘अण्णा’ असंच उतरलं की कागदावर बापाच्या जागी थोरला भाऊ आला. अपिलात साक्षीदार नसतो, फक्त कागद असतो.

म्हणून आण्णा आपल्या साक्षीदाराला नात्याचा शब्द एकट्यानं वापरू देत नसत. ‘आण्णा, म्हणजे माझे वडील, अमुक बिन तमुक.’ तीच काळजी ‘अत्ते’ची, जी कन्नडमध्ये सासूही असते आणि आत्याही, आणि ‘मावा’ची, जो सासराही असतो आणि मामाही. आपल्याकडचा तात्या चुलता असतो, कधी वडील असतात. तिकडं ताता म्हणजे आजोबा. वंशावळीत असा एक शब्द एक पायरी वर सरकला की एक अख्खी पिढी चुकते.

वंशावळ हे त्यांचं पहिलं काम. अशील आला की कागद बाजूला, आधी माणसं. मूळ पुरुष वर, खाली मुलं आणि मुली दोन्ही, प्रत्येकाची बायको, दुसरं लग्न असेल तर दोन्ही घरं, दत्तक गेलेला, दत्तक आलेला, लहानपणी वारलेला, निपुत्रिक वारलेला, मुंबईला गिरणीत गेलेला आणि परत न आलेला. घरात हाक मारायचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव वेगळं असेल तर ‘उर्फ’ घालून दोन्ही. लेकींची नावं बाप सांगत नाही, आईला विचारावी लागतात, म्हणून ते म्हणायचे पुढच्या वेळी आईला घेऊन या. वाटणीच्या दाव्यात एक वारस सुटला किंवा एक सर्व्हे नंबर सुटला तर समोरचा पहिल्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, तेवढाच मुद्दा घेतो आणि दहा वर्षांनी दावा त्यावर पडतो. हे दोष अपिलात जाऊन कळण्यासारखे नसतात, वहीच्या एका पानावर पहिल्या दिवशीच दिसतात.

त्यानंतर हिशेब. आपल्याकडं एकराचे 40 गुंठे आणि गुंठ्याचे 16 आणे. जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळीला साखळी गुणली की एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट. आण्णा अशिलाला कागदावर पूर्ण गणित मांडून दाखवायचे. समजा 3 एकर 17 गुंठे 8 आणे जमीन आहे, म्हणजे साडेएकशे सदतीस गुंठे. बाप वारला, मागं बायको, दोन मुलगे, दोन मुली. जुन्या कायद्यानं बापाच्या मरणाच्या क्षणी मानीव, म्हणजे झाली असं धरून, वाटणी करायची : बाप, आई, दोन मुलगे, असे चार वाटे. मुंबई इलाख्याच्या रीतीत अशा वाटणीत आईलाही एक वाटा असतो. मग बापाच्या चौथाईचे पाच भाग. मुलाला आणि आईला प्रत्येकी 1 एकर 1 गुंठा 4 आणे, मुलीला 6 गुंठे 14 आणे. आता तीच जमीन वाटणी न होता एकत्र राहिली असेल तर 2005 च्या दुरुस्तीनं मुलीही जन्मानं सहहिस्सेदार : सहा वाटे, बापाच्या सहाव्या हिश्शाचे पुन्हा पाच भाग, आणि बेरीज केली की पाचही जणांना बरोबर पाचवा हिस्सा, 27 गुंठे 8 आणे. मुलगा, मुलगी, आई, सगळे सारखे.

6 गुंठे 14 आणे आणि 27 गुंठे 8 आणे. हे दोन आकडे एकाखाली एक लिहून ते कागद भावांकडं सरकवायचे आणि काही वेळ कुणी काही बोलायचं नाही.

कर्नाटकानं हे आधीच, 30 जुलै 1994 पासून केलं होतं, पण त्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं लग्नाची अट गेली. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली वाटणी मात्र उघडत नाही, आणि वाटणी झाली असं म्हणायचं तर ती नोंदणीकृत हवी किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेली. वडील 2005 मध्ये हयात असायला हवेत का, यावर कितीतरी वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘गरज नाही’ असं सांगितल्यावर आण्णांनी जुनं दप्तर काढून, ज्या बहिणींचे दावे या मुद्द्यावर अडकले होते त्यांची यादी केली. वयाच्या त्या टप्प्यावर, जेव्हा बाकीचे काम कमी करतात.

हक्कसोडीबद्दल ते कडक होते. भाऊ बहिणीला गाडीत घालून आणतात, ‘सही कर, साडीचोळी घे’ म्हणतात. आण्णा भावांना बाहेरच्या बाकावर बसवायचे, बहिणीला आत, आणि किती गुंठे सोडतेस, त्याची आजची किंमत काय, हे तिला तिच्याच भाषेत सांगायचे. तरीही तिला सोडायचंच असेल तर तो तिचा निर्णय, आणि मग कागद पक्का : नोंदणीकृत हक्कसोडपत्र. तलाठ्यापुढं दिलेल्या जबाबावर उताऱ्यातलं नाव निघतं, पण मालकी जात नाही. महसुलाची नोंद सारा कुणी भरायचा ते सांगते, हक्क सांगत नाही. हे न कळल्यानं गावोगाव भाऊ निर्धास्त बसतात आणि तीस वर्षांनी भाच्याची नोटीस येते.

हुकूमनामा लागल्यावर पेढे वाटणाऱ्यांना ते थांबवायचे. वाटणीच्या दाव्यात पहिला हुकूमनामा प्राथमिक असतो, तो फक्त हिस्सा ठरवतो. घराची वाटणी कोर्टाचा कमिशनर जागेवर जाऊन सुचवतो, शेतजमिनीची कलम 54 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून होते, मग अंतिम हुकूमनामा मुद्रांकावर उतरतो, मग ताबा. मधे मोजणी, टिपण-आकारबंदासारखे मोजणीचे कागद, पोटहिस्सा. पुष्कळ घरांत प्राथमिक हुकूमनामा देवघराच्या फडताळात सुखरूप असतो आणि जमीन जिथल्या तिथं, थोरल्याच्या ताब्यात.

कागदांवर त्यांचं जे प्रेम होतं ते घरात सगळ्यांना पुरून उरलं. ऑफिसचा अर्धा दप्तरखाना घराच्या माळ्यावर, आणि बेळगावचा पाऊस चार महिने भिंतीतून आत येणारा. एप्रिल-मेच्या सुट्टीत कोर्ट बंद झालं की गासड्या खाली यायच्या. उन्हात नाही, सावलीत, वाऱ्यावर पसरायच्या, कारण ऊन शाई उडवतं. मुलांनी गंजलेल्या टाचण्या काढायच्या, कारण गंज कागदाला भोक पाडतो आणि ते भोक नेमकं सहीवर पडतं. टाचणीच्या जागी सुती दोरा. काकूंच्या, म्हणजे आण्णांच्या बायकोच्या, जुन्या सुती साड्यांचे चौकोनी बस्ते. प्लास्टिकच्या पिशवीला घरात बंदी, कारण आतली ओल आतच राहते आणि पानं एकमेकांना चिकटतात. चिकटपट्टीला बंदी, ती पिवळी पडून अक्षरं घेऊन सुटते. लॅमिनेशन तर कधीच नाही : मुद्रांकाच्या पाठीमागचे शेरे, शिक्का, कागदाचा पोत, सगळं काचेआड जातं आणि समोरचा वकील म्हणतो की मूळ कागद तपासता येत नाही. चार घड्या घातलेलं खरेदीपत्र घडीवरच तुटतं, म्हणून उघडून, सपाट, दोन पुठ्ठ्यांत. एवढं सगळं करून संध्याकाळी अंगणात भाजलेली रताळी. त्या घरातल्या मुलांची सुट्टी अशी जायची, आणि आज ती सगळी आपापल्या घरी कागद अशीच ठेवतात.

ही निगा हौसेची नव्हती. तीस वर्षांपेक्षा जुना दस्त योग्य ताब्यातून आला असेल तर त्यावरच्या सह्या खऱ्या मानता येतात. पुरावा कायद्याचं जुनं कलम 90, जुलै 2024 पासून नव्या अधिनियमात कलम 92. पण ‘योग्य ताबा’ दाखवावा लागतो. कागद कुणाकडून कधी आला, कोर्टात कधी गेला, परत कधी मिळाला, हे प्रत्येक बस्त्याच्या वर एका चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं.

त्यातले जुने दस्त मोडीत. हा जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, तोवरच्या कित्येक खरेद्या आणि गहाणखतं मराठीत, त्याआधीची मोडीत. मोडीत आधी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं, म्हणून शब्द तुटत नाहीत. ह्रस्व-दीर्घाचा भेद बहुतेक नाहीच. ‘रामाबिनकृष्णा’ असं सलग वाचलं की नवख्याला ते एकच नाव वाटतं. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, आणि ‘मयत’ हा शब्द कुणाच्या पुढं आहे यावर वंशावळ फिरते. सालही तसंच. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण पौष-माघात जानेवारी लागला की 79 मिळवायचे. शके 1859 चा माघ म्हणजे 1938. एका वर्षाच्या अशा चुकीनं दस्त मरणानंतरचा ठरतो. दस्त वाचून झाला की आण्णा बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, ओळीस ओळ उतरवायचे, मग त्याचं कोर्टाच्या भाषेत भाषांतर, आणि तिन्ही प्रती सोबत.

प्रतिज्ञापत्राचंही तसंच. सरतपासणी, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची पहिली साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होते, ते बहुतेक कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, आणि सही करणारीला फक्त मराठी येतं. उलटतपासणीत पहिला प्रश्न ठरलेला : तुम्हाला हे वाचता येतं का? मजकूर मराठीत वाचून दाखवला, समजला, कबूल, असा शेरा खाली नसेल तर साक्ष तिथंच डळमळते. शेरा सगळेच लिहितात. आण्णा खरोखर वाचून दाखवायचे, परिच्छेद परिच्छेद, आणि मधेच ‘आता तू सांग बघू’ म्हणायचे. दोन तास जायचे. बाहेर बसलेले पुढचे अशील कुरकुरायचे, तरी उठून कुणी जायचं नाही.

धारवाडला उच्च न्यायालयाचं खंडपीठ 2008 च्या 4 जुलैला आलं. तोवर दुसरं अपील म्हणजे रात्रीची रेल्वे, सकाळी बेंगळुरू, आणि परत रात्रीची रेल्वे. धारवाड झाल्यावर सकाळी जाऊन रात्री जेवायला घरी. याचा आनंद त्यांनी अशिलांच्या खर्चाच्या हिशेबात मोजला, आणि थोडा नातवंडांच्या गृहपाठातही. सीमाप्रश्नावर त्यांचं ठाम मत होतं, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडलेल्या महाराष्ट्राच्या दाव्याच्या प्रत्येक तारखेकडं लक्ष असायचं. पण कन्नड अशिलाला त्याच्या भाषेत बसवून, त्याची वंशावळ त्याच काळजीनं मांडली जायची. त्या खुर्चीत तो त्यांना अण्णाच म्हणायचा, त्याच्या अर्थानं, आणि ते तसेच वागायचे.

स्वतःचं मृत्युपत्र त्यांनी सत्तरीत, तब्येत ठणठणीत असताना, एका पानात लिहिलं. साक्षीदार दोन, दोघांनी त्यांना सही करताना पाहिलेलं, दोघंही घराबाहेरचे आणि त्यांच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान. मृत्युपत्र शाबीत करायला निदान एक साक्षीदार कोर्टात उभा राहावा लागतो, आणि लोक मात्र आपल्या वयाचा मित्र निवडतात, जो त्यांच्या आधीच जातो. मुलगा, मुलगी, काकू : तीन सारखे वाटे. मुलीचं नाव आधी, कारण ती थोरली. सगळ्या कागदांवर तिघांची नावं एकाच पद्धतीनं लिहिलेली, आधारवर, बँकेत, उताऱ्यावर, अक्षराचाही फरक नाही.

बहुतेक बस्ते गेले. माळ्यावर अजून काही उरले आहेत, ज्यांचे मालक गोव्याला किंवा पुण्याला गेले आणि पत्रं परत आली. त्यांच्या कापडावर शाईनं गावाचं नाव आहे, तेवढ्यावरून चौकशी चालू आहे. गावची यात्रा असते तेव्हा बाहेरगावची माणसं येतात, म्हणून यात्रांच्या तिथी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या आहेत.

आणि रोजच्या कामकाजाच्या यादीत दोन दाव्यांपुढं अजून त्यांचं नाव छापून येतं, कारण त्या अशिलांनी नवं वकीलपत्र दिलेलं नाही. त्यातली एक म्हातारी प्रत्येक तारखेला पहिल्या बसनं येते, कोर्टाच्या दारात भिंतीला लावलेल्या यादीवर कुणाकडून तरी नाव वाचून घेते. दुसरा वकील दे म्हणून तिला दोनदा सांगून झालंय. ‘हाय की नाव अजून,’ म्हणते ती. पुढच्या तारखेपर्यंत मनाई वाढवून मिळाली आहे. तोवर तिची सही घ्यायला हवी.